दुखत तं काहीच नाही

खामगावच्या एका दवाखान्यात एके दिवशी संग्रामपूरकडच्या एक काकू तपासणीला आल्या होत्या. खालच्या दाढेच्या जागी टायटॅनियमचा इंप्लांट, त्यावर कॅप. "दुखत तं काहीच नाही, डॉक्टर," असं त्या खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या.

डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेला बोथट प्रोब कॅपच्या कडेनं हिरडीत सरकवला. जोर अगदी हलका, साधारण २५ ग्रॅम वजनाएवढा. प्रोब बाहेर आला आणि काही क्षणांत मागे रक्ताची बारीक रेघ उमटली, म्हणजे हिरडीला सूज होती. जिभेच्या बाजूला कॅपखाली पिवळसर थर होता. खरवडल्यावर तो ओल्या पिठासारखा अवजाराच्या टोकाला चिकटला.

हा थर म्हणजे प्लाक. त्यात जिवाणू एकमेकांना आणि पृष्ठभागाला घट्ट चिकटून असतात, त्यामुळे चूळ भरून तो निघत नाही. राहू दिला तर लाळेतल्या क्षारांनी टणक होतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात लोक त्याचं खापर पाण्यावर फोडतात. खाऱ्या पाण्याचं दुखणं खरंच आहे, पण प्लाकचा दोष त्याच्याकडे जात नाही.

टायटॅनियमला कीड लागत नाही, हे खरं. पण भोवतीच्या हिरडीचं काय? नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इंप्लांटमध्ये ते रुतत नाहीत, त्याला समांतर किंवा वळसा घालून जातात. दात आणि हाडामधला तंतूंचा पडदाही इथे नसतो, म्हणून रक्तपुरवठा कमी. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला असे इंप्लांट बसवले, ते हाड टायटॅनियमला थेट धरतं या भरवशावर. हाडाची पकड पक्की असते, हिरडीची तेवढी नाही. सूज एकदा खाली उतरू लागली की तिला अडवणारं फार काही उरत नाही.

त्याच १९६५ साली डेन्मार्कमध्ये लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं सुरू होताच बऱ्या झाल्या. पुढे इंप्लांटवर तसेच प्रयोग झाले. सूज तशीच आली, पण तीन आठवडे स्वच्छता ठेवूनही ती पुरती ओसरली नाही.

काकूंचा नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. हाडाची पातळी तीच होती. हायसं वाटलं, कारण सूज हिरडीपुरती असेल तर ती परतवता येते. हाड झिजू लागलं की नुसत्या सफाईनं बहुधा भागत नाही, हिरडी उघडावी लागते. रक्तातली साखर वाढलेली असेल किंवा तंबाखू चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांनी दोन्ही विचारलं.

मग आरसा हातात देऊन त्यांनी दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश दाखवला. तो आत जाईना. कॅपच खाली इतकी फुगीर होती की वाटच नव्हती. अशा वेळी पेशंटला 'नीट घासत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. कॅप स्क्रूची होती, म्हणून सोडवून आकार कमी करायला लॅबकडे पाठवता आली.

"मंग हे रोज करा लागन?"

"रोज, काकू. झोपायच्या आधी. आणि दुखत नसलं तरी तीन महिन्यांनी दाखवायला या."