वनस्पती तूप आणि हृदयाचे आरोग्य

लोअर परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्यांच्या जागी कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. चहाच्या टपरीवरील खारी व नानखटाईच्या बरण्या मात्र अद्याप दिसतात. पूर्वी पाळी सुटलेला कामगार तेथे थांबत असे. आता कचेरीतील कर्मचारी थांबतात. खारीला खुसखुशीतपणा येतो तो तिच्यातील घट्ट स्निग्ध पदार्थामुळे. स्वस्त खारीत तो बहुधा वनस्पती तूप असतो.

या पदार्थाचे गिरणगावाशी जुने नाते आहे. परळनजीक शिवडी येथे हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरू झाला, आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत या पिवळ्या डब्याने प्रवेश मिळविला. त्या काळी चिंता होती ती भेसळीची. तुपात मिसळलेले वनस्पती ओळखता यावे म्हणून त्यात ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन आले. तिळाचे तेल असलेल्या नमुन्यात साखर व हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलविले असता आम्लाचा थर गुलाबी होतो. विज्ञानशिक्षकांस ही परीक्षा परिचित असेल. वनस्पती स्वतःच आरोग्यास कितपत मानवते, हा प्रश्न मात्र पुष्कळ उशिरा पुढे आला.

वनस्पती म्हणजे घट्ट केलेले तेल होय. तेलातील मेदाम्लांच्या साखळ्या दुहेरी बंधापाशी वाकलेल्या असल्याने एकमेकींना चिकटून बसत नाहीत व तेल पातळ राहते. निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन सोडला की काही दुहेरी बंध नाहीसे होतात. काही उरतात, पण त्यांची रचना पालटून साखळी सरळ होते. ही सरळ साखळी म्हणजेच ट्रान्स मेद. ही प्रक्रिया अर्ध्यावर थांबविली की ट्रान्स मेद राहून जातात.

नेदरलँड्समध्ये झालेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, ट्रान्स मेदांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते. असा दुहेरी अपाय लोण्यातुपातील संपृक्त मेदही करीत नाहीत. रक्तवाहिन्यांत थर साचून हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, दिवसाला २,००० कॅलरींचा आहार घेणाऱ्याच्या पोटात २.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स मेद जावेत.

भारतात तेल व वनस्पतीतील ट्रान्स मेदांची मर्यादा आरंभी १० टक्के होती. ती पुढे ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. दिवसभरात २० ग्रॅम वनस्पती पोटात गेले असे धरले, तर १० टक्क्यांच्या हिशेबाने २ ग्रॅम ट्रान्स मेद होत. आता ते ०.४ ग्रॅमहून अधिक असता कामा नयेत. ही घट लहान नाही. मात्र ट्रान्स मेद घटले म्हणून वनस्पती निर्धोक झाले, असे नव्हे. घट्टपणासाठी आता पामतेलाचा घट्ट अंश वापरला जातो व त्यात संपृक्त मेद भरपूर असतात.

बंद पुड्यावर ट्रान्स मेदांचे प्रमाण छापावे लागते; बरणीतल्या सुट्या खारीवर काहीच छापलेले नसते. तालुक्याच्या बेकरीची स्थितीही हीच. तेथे वापरलेल्या वनस्पतीच्या डब्यावरील मजकूर पाहणे, हाच ग्रामपंचायत सदस्यास वा शालेय पोषण आहार पाहणाऱ्या शिक्षकास सोपा मार्ग आहे. नमुना तपासून कारवाई करण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाचा.

वड्याच्या कढईचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेच तेल पुनःपुन्हा तापविल्याने थोडे ट्रान्स मेद तयार होतात. परंतु त्याहून अधिक तयार होतात ती तेलाच्या विघटनातून निघणारी ध्रुवीय संयुगे. ती २५ टक्क्यांवर गेलेले तेल १ जुलै २०१८ पासून वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंदवही ठेवावी लागते. रस्त्यावरची एखादी कढई या नोंदीच्या बाहेर राहते, २५ टक्क्यांच्या मर्यादेच्या बाहेर नाही.