विक्रांत मेला, पण हिशेब झाला का?

आज ना पाककृती, ना आरोग्याचा सल्ला. आज आपण बोलणार आहोत ‘तुला पाहते रे’ या मालिकेच्या शेवटाबद्दल. झी मराठीवर ऑगस्ट २०१८ मध्ये ती सुरू झाली आणि २० जुलै २०१९ ला संपली. त्याला इतकी वर्षं झाली, तरी गटाच्या बैठकीत विषय निघाला की अजूनही बायकांचे दोन तट पडतात. त्या वादात आपल्या कामाचं बरंच काही आहे, म्हणून हा विषय घेतला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाळीत राहणारी, विशीतली इशा निमकर. मोठा उद्योगपती, चाळिशीचा विक्रांत सरंजामे. ती गायत्री दातार, तो सुबोध भावे. दोघांचं प्रेम जमतं, जानेवारी २०१९ मध्ये थाटात लग्न लागतं. मग कळतं की विक्रांतची एक पहिली बायको होती, राजनंदिनी. ते काम शिल्पा तुळसकरांनी केलं होतं. संपत्तीसाठी विक्रांतनेच तिचा जीव घेतलेला असतो, त्याचं खरं नावसुद्धा दुसरंच असतं. आणि इशा म्हणजे राजनंदिनीचा पुनर्जन्म! पुढे ती बदला घ्यायला उभी राहते आणि शेवटी विक्रांत मरतो.

आता प्रतिक्रिया. पहिला तट म्हणतो, “आमचा विक्रांत असा नव्हता. चांगल्या प्रेमकथेचं वाटोळं केलं.” हा राग आम्हाला समजतो. सहा महिने रोज रात्री ज्याला घरातला माणूस मानलं, ज्याच्या वयावरून सासूशी भांडलो, तोच खुनी निघाला तर फसल्यासारखं वाटणारच. पण खरं सांगायचं, तर या मालिकेतलं आम्हाला सगळ्यात पटलेलं तेच आहे. फसवणारा माणूस कपाळावर लिहून येत नाही. तो गोड बोलतो, आईवडिलांच्या पाया पडतो, अडचणीला धावून येतो. ‘स्थळ मोठं आहे, जास्त चौकशी करू नका’ असं म्हणून आपण किती लग्नं लावून दिली असतील!

दुसरी तक्रार, शेवट घाईत गुंडाळला. त्याचं कारण साधं आहे. रोजच्या मालिकेची कथा कादंबरीसारखी आधी लिहून ठेवलेली नसते. भाग थोडेच दिवस आधी लिहिले जातात, लगेच चित्रीकरण होतं. देशातल्या निवडक घरांत मोजणीची यंत्रं बसवलेली असतात. त्यावरून दर आठवड्याला आकडे येतात आणि आकडे बघून कथा ताणायची की आवरायची हे ठरतं. त्यामुळे मधे गाडी रेंगाळते आणि शेवटी पळत सुटते. ‘होणार सून मी ह्या घरची’ मधलं जान्हवीचं बाळंतपण आठवा. नऊ महिने कधीच उलटून गेले होते, बाळ काही येईना. लोकांनी विनोद करून करून हैराण केलं होतं.

तिसरी प्रतिक्रिया आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बऱ्याच जणी म्हणाल्या, “मेला म्हणजे सुटला. त्याला कोर्टात उभा करायला हवा होता.” आणि एकीचा प्रश्न तर फार नेमका होता. बाईला न्याय मिळायला तिनं पुन्हा जन्म घ्यायचा का? या जन्मातल्या राजनंदिनीसाठी कुणाकडे काहीच नव्हतं का?

होतं, मैत्रिणींनो. पुनर्जन्माची आठवण कोर्टात पुरावा होत नाही, पण त्याची गरजही नाही. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन करावं लागतं. या सात वर्षांत मृत्यूबद्दल नातेवाइकांनी तशी मागणी केली तरी करावं लागतं. माहेरच्यांनी ‘आता गेलीच ना ती, कशाला चिरफाड’ असं म्हणून गप्प बसायचं नाही. आणि खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. वीस वर्षांनी पुरावा सापडला तरी खटला उभा राहू शकतो.

आता संपत्तीचं बघू, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २५ प्रमाणे जो खून करतो, त्याला खून झालेल्या माणसाचा वारसा मिळत नाही. म्हणजे नवऱ्यानं बायकोला मारलं, तर तिच्या मालमत्तेवर त्याचा वारसहक्क राहत नाही. दुसरी गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असते. बाईला आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता असेल, तिनं मृत्युपत्र केलेलं नसेल आणि मागे मूलबाळ किंवा नातवंडं नसतील, तर ती मालमत्ता नवऱ्याकडे जात नाही. तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. मात्र तिनं स्वतः कमावलेलं असेल, तर मुलांबरोबर नवराही वारस असतो.

म्हणूनच प्रत्यक्षात खरा धोका वारशात नसतो, तो सहीत असतो. जिवंतपणीच बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र करून घेतलं जातं. ‘इथं सही कर, बँकेचं काम आहे’ असं म्हणणारा विक्रांतच असेल असं नाही, भाऊही असू शकतो. कागद घरी आणा. वाचता येत नसेल तर दोन दिवस मागून घ्या आणि आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या.

एक आजी मात्र या सगळ्या चर्चेत ठाम होत्या. “पोरी पोलिसात जात नाहीत, कारण तिथं कुणी ऐकत नाही. इशानं केलं ते बरोबर.” त्यांचं म्हणणं आम्ही खोडून काढणार नाही. त्या म्हणतात तसं होतं. पण पडद्यावर बदला घेणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी पोरांचे डबे करायचे नसतात, खटलाही अंगावर घ्यायचा नसतो. तुम्हा-आम्हाला दोन्ही असतं.

तर कागद आणि पेन घ्या. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो, त्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, अर्ज तिथे करायचा.