कुर्ल्याची फियाट

मुंबईच्या मध्यमवर्गाने 'फियाट' याच नावाने ओळखलेली, परंतु कागदोपत्री अनेकदा नाव बदललेली छोटी कौटुंबिक मोटार कुर्ला येथे जवळपास अर्धशतक तयार होत राहिली. तिच्या या दीर्घायुष्याचे श्रेय इटालियन रचनाकारांपेक्षा दिल्लीच्या औद्योगिक धोरणाकडे अधिक जाते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली तेव्हा तिचे तांत्रिक सहकार्य अमेरिकेच्या क्रायस्लरशी होते, आणि कुर्ल्यातून प्रथम बाहेर पडल्या त्या डॉज, डिसोटो यांसारख्या ऐसपैस गाड्या. फियाटशी संबंध जुळला तो पन्नासच्या दशकाच्या आरंभी. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने, म्हणजे देशी उद्योगांना द्यावयाच्या संरक्षणाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळाने, परदेशी सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांऐवजी ते भाग येथेच बनवू पाहणाऱ्या कंपन्यांनाच वाव द्यावा अशी शिफारस केली, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील जुळणी आटोपती घेतल्यावर मैदानात मोजकेच उत्पादक उरले.

1954 पासून कुर्ल्यात आलेली फियाट 1100 ही त्या काळाच्या मानाने पुढारलेली गाडी होती, कारण तिच्यात स्वतंत्र सांगाड्यावर पत्र्याची पेटी बसवण्याची जुनी पद्धत सोडून सांगाडा आणि पेटी एकसंध करणारी 'मोनोकॉक' रचना वापरलेली होती, आणि 1089 घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन बेताच्या इंधनात चौकोनी कुटुंब वाहून नेत असे. या पहिल्या गोलसर गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव बहाल केले. ते अपमानास्पद वाटले तरी आज जुन्या गाड्यांचे संग्राहक तेच अभिमानाने घेतात. साठच्या दशकाच्या मध्यास तिची जागा अधिक चौकटबद्ध '1100 डिलाइट'ने घेतली, आणि पुढे हीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' व अखेर 'प्रीमियर पद्मिनी' झाली.

इटलीत 1100 या मालिकेचे उत्पादन 1969 मध्ये थांबले. भारतात मात्र ती त्यानंतरही तीस वर्षांहून अधिक काळ विकली गेली. किती गाड्या काढायच्या हे परवाना ठरवी, 1969 पासून किमतीवरही सरकारी नियंत्रण आले, आणि ग्राहक आगाऊ रक्कम भरून वर्षानुवर्षे क्रमांकाची वाट पाही. नियंत्रणामुळे नव्या यंत्रसामग्रीसाठी पैसा उरत नाही ही उत्पादकांची तक्रार निराधार नव्हती, परंतु पुढे किमतीवरील बंधन उठल्यावरही पद्मिनीचा मूळ आराखडा बदलला नाही, हे पाहता मागणी हमखास असल्याने आलेली स्वस्थताही तितकीच कारणीभूत होती असे म्हणावे लागते. 1983 मध्ये मारुती 800 आल्यावर ही स्वस्थता संपली. प्रीमियरने 1985 मध्ये निसानचे इंजिन बसवलेली '118 एनई' बाजारात आणली, पण तिचा देहही जुन्या फियाट 124 चाच होता.

खासगी ग्राहक पाठ फिरवीत असतानाही काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनीने मुंबईत स्वतंत्र आयुष्य कमावले. ही निवड भावनेची नव्हती: दुरुस्ती नाक्यावरचा मिस्त्रीही करू शके, सुटे भाग सहज मिळत, आणि टपावरच्या कॅरिअरवर स्टेशनकडे निघालेल्या कुटुंबाचे सामान मावत असे. गिअरचा दांडा जमिनीवर नसून सुकाणूच्या खांबावर होता, त्यामुळे पुढे सलग बाक ठेवता येई. पुढे यांतील बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूवर, चालू लागल्या. अरुंद झालेली डिकी ही त्याची किंमत होती.

पद्मिनीचे उत्पादन 2001 च्या सुमारास थांबले. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, ताडदेव येथे 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस नियमानुसार सेवेतून बाद झाली. तोवर काळापिवळा रंग सँट्रो आणि वॅगन-आर यांच्या अंगावर केव्हाच चढलेला होता.