देहाचा तुटीचा अर्थसंकल्प

मिळकतीपेक्षा खर्च वाढला की घरात तूट पडते, हे कोणा शिक्षकास वा कारकुनास समजावून सांगावे लागत नाही. देहाची तूट मात्र पुष्कळदा कौतुकाचा विषय होते. भूक उत्तम असूनही वजन उतरू लागले, तर 'बारीक झालात' म्हणून अभिनंदन होते. छातीतील धडधड, हातांचा कंप, घाम, निद्रानाश आणि चिडचिड यांचे खापर कामाच्या ताणावर फोडले जाते. रुग्ण स्त्री असेल, तर तिच्या स्वभावावर वा वयावर. गळ्यातील अवटू ग्रंथीकडे, म्हणजे थायरॉईडकडे, संशयाची सुई वळते ती फार उशिरा.

ही ग्रंथी देहातील ऊर्जेच्या खर्चाचा वेग ठरविते. तिचा स्राव बेसुमार झाला की हृदय, स्नायू आणि हाडे यांची गंगाजळी आटू लागते. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली वर्णिलेला विकार हे याचे प्रमुख कारण होय. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीला सतत चेतवीत राहते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक आढळतो. रक्तातील टी-थ्री, टी-फोर वाढलेले आणि टीएसएच घटलेले दिसले, की निदानास बळकटी येते.

उपचारांचे मार्ग तीन: ग्रंथीला आवर घालणाऱ्या कार्बिमाझोलसारख्या गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया. आयोडीनचा हा उपचार बॉस्टन येथे १९४१ साली प्रथम झाला. मुंबईत अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली स्थापन झाले, तेव्हापासून तो आपल्याकडेही रुजला. गर्भवतीस मात्र तो वर्ज्य आहे. या उपचारानंतर अनेकांना जन्मभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. ते उपचाराचे अपयश नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. गोळ्या साधारणतः वर्ष-दीड वर्ष घ्यावयाच्या असतात. बरे वाटू लागते ते काही आठवड्यांतच. तेथेच पुष्कळजण औषध सोडतात. पहिला हप्ता भरून कर्ज फिटल्याचा आनंद मानण्यासारखेच हे आहे! उलट, गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडून पांढऱ्या पेशींची तपासणी करवून घेतली पाहिजे. क्वचित का होईना, त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

तात्पर्य, या विकारात गोळीपेक्षा महाग पडतो तो खंड. ठरल्या वेळी रक्ततपासणीस जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागणाऱ्या सहकाऱ्याकडे कार्यालयाने संशयाने पाहू नये, आणि घरानेही आजाराला स्वभाव म्हणू नये. एवढी समज आली, तरी निम्मी तूट भरून निघेल.