काजूच्या भट्टीवर

चैत्र-वैशाखांत आमच्या सावंतवाडीकडील काजूच्या बागांतून हिंडूं लागलें म्हणजे एक वास पाठ सोडीत नाहीं. गोड, आंबूस आणि किंचित् उग्र असा तो वास झाडाखालीं कुजत पडलेल्या बोंडांचा. बी पिरगळून घ्यावी आणि बोंड तेथेंच टाकावें, अशी आमच्याकडील रीत. वास्तविक बीपेक्षां बोंडाचें वजन पांचपासून दहा पट भरतें, आणि त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याहून किती तरी अधिक. पण घसा धरणारा तुरटपणा आणि दिवसाभरांत नासण्याचा स्वभाव यांमुळें मुलांनीं मीठ लावून दोन-चार खाल्लीं तर खाल्लीं, बाकीचीं मातींत. सरहद्दीपलीकडे गोव्यांत मात्र त्याच झाडाचें तेंच बोंड पाटीपाटीनें वेचून नेतात.

ही तफावत एकदां डोळ्यांनीं पाहावी, अशी पुष्कळ दिवसांची इच्छा होती. माझे जांवई पणजीस रसायनशास्त्राचे अध्यापक आहेत. त्यांनीं यंदा एप्रिलांत सत्तरी तालुक्यांतील आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या भट्टीवर मला नेलें. ‘भट्टी’ हा शब्द वाचून कित्येक वाचकभगिनींच्या भुंवया उंचावतील, हें मी जाणून आहें. आमच्या घरीं तें आधींच घडलें होतें. “अहो, चाळीस वर्षें मुलांना शुद्धलेखन शिकविलेंत आणि आतां भट्टीवर?” एवढेंच घरांतून विचारण्यांत आलें. पाहणें आणि पिणें हे दोन निराळे धातु आहेत, असें उत्तर मीं दिलें. तें कितपत पटलें, हें सांगवत नाहीं.

दोडामार्ग, डिचोली, साखळी असें करीत आम्ही वाळपईच्या पुढें गेलों. ओहोळाकांठीं झांवळ्यांनीं शाकारलेली एक खोप, मागें काजूचा डोंगर. सकाळचे आठ वाजले होते आणि काम केव्हांच सुरू झालें होतें. बायका-मुलें टोंकाला खिळा बसविलेल्या काठीनें बोंडें टिपीत होतीं. झाडावरचें बोंड कोणी तोडीत नाहीं. पुरें पिकून जें आपण होऊन गळेल तेंच घ्यावयाचें. बी वेगळी झाल्यावर बोंडें कातळांत कोरलेल्या एका उथळ कुंडांत टाकतात. या कुंडाला तेथें ‘कोळंबी’ म्हणतात. आमच्याकडे कोळंबी ही मासळी असल्यामुळें, तिच्यांत उभें राहून माणसें नाचतात हें ऐकून मी क्षणभर गोंधळलों! पायांनीं तुडवून रस काढण्याची ही जुनी पद्धत. आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्र आलें आहे. या गृहस्थांकडेहि एक होतें. पण त्या दिवशीं दोन गडी पायांनींच तुडवीत होते. यंत्र बी आणि बोंड यांत भेद करीत नाहीं, एखादी बी चुकून राहिली तर तिच्या टरफलाचें तेल रसांत उतरतें, पायाला ती लगेच लागते, असें मालकांनीं सांगितलें.

हा पहिला रस आंबविण्यासाठीं मोठ्या भांड्यांत जातो. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, रानवेलीनें आवळून, त्यावर जड धोंडा ठेवतात. त्यांतून थेंबथेंब जें स्वच्छ पाणी गळतें, तो निरो. मालकांच्या मातोश्री, ऐंशीच्या घरांतील, खोपीच्या दाराशीं बसल्या होत्या. त्यांनीं पितळी पेला माझ्यापुढें केला आणि म्हणाल्या, “मास्तर, हो निरो. हातूंत सोरो ना.” यांत दारू नाहीं, असा त्याचा अर्थ. मीं प्यालों. गोडी आहे, पण उसाच्या रसासारखी अंगावर येणारी नाहीं. मागून काजूचा सुगंध आणि अगदीं शेवटीं तुरटपणाची आठवण. उन्हाळ्यांत याहून चांगलें पेय मला ठाऊक नाहीं.

मग मीं त्यांना सहज विचारलें, कीं हा निरो असाच ठेवला तर सोरो केव्हां होतो? त्या हंसल्या. दुपारपर्यंत जिभेला टोचूं लागतो, संध्याकाळीं तो निरो नव्हे, असें त्यांनीं सांगितलें. जांवईबापूंनीं पुस्तपूर्ति केली: बोंडाच्या सालीवर आणि भोंवतालच्या हवेंत किण्वजंतु असतातच, ते साखरेचा मद्यार्क आणि कर्बाम्ल वायु करितात, बाहेरून कांहीं घालावें लागत नाहीं. दोघांचें म्हणणें एकच, परंतु माझें मन त्या ‘दुपारपर्यंत’वर अडकून राहिलें. धर्मशास्त्रानें पेय आणि अपेय यांमध्यें रेघ ओढली आहे, आणि ती ओढली हें बरेंच केलें. पण येथें ती रेघ घड्याळाच्या कांट्यावर बसून पुढें सरकत होती. आठ वाजतां मीं जें निःशंकपणें प्यालों, तेंच चार वाजतां मला वर्ज्य. मधल्या कोणत्या घटकेस तें बदललें, हें भांड्यास तरी सांगतां येईल काय?

आणि आपल्या घरांतील औषधांचें कपाट उघडून पाहा. बाळंतिणीसाठीं दशमूलारिष्ट, आजोबांसाठीं द्राक्षासव. बाटलीवरील चिठ्ठी वाचली तर त्यांत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क असल्याचें छापलेलें आढळेल. चरकानें धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल आणि साखर अशा नऊ मूलद्रव्यांपासून होणारीं चौऱ्यांशीं आसवें मोजून दिलीं आहेत. कौटिल्यानें तर अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षासाठीं एक संपूर्ण अध्याय खर्च केला असून, मद्याचें उत्पादन व विक्री सरकारच्या मुठींत ठेवूनहि, गृहस्थाला औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक ठेविली आहे. या सर्व यादींत काजू मात्र शोधूं नये. तें झाडच आपलें नव्हे. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत तें ब्राझीलमधून आणलें, आणि ‘काजू’ हें नांवहि तिकडच्या तुपी भाषेंतून पोर्तुगीजांच्या तोंडीं बसून आपल्याकडे आलें.

आसव आणि भट्टी यांत मात्र एक मोठा फरक आहे, आणि तो विसरून आपल्या द्राक्षासवाचा दाखला देणें हा लबाडपणा होईल. आसव नुसतें आंबतें. भट्टींत त्याचा अर्क निघतो. दोन-तीन दिवस आंबलेला रस ‘भाण’ नांवाच्या तांब्याच्या हंड्यांत भरून खालीं लांकडाची आंच लावतात. तोंड वारुळाच्या मातीनें लिंपून टाकतात, म्हणजे वाफ वाट सोडून जात नाहीं. नळीवाटे वाफ गार पाण्यांतील दुसऱ्या भांड्यांत उतरते आणि थंड होऊन पडूं लागते. हा पहिला उतारा म्हणजे हुर्राक. त्यांत मद्यार्क शेंकडा सुमारें १५. तो टिकत नाहीं. मार्च ते मे एवढेंच त्याचें आयुष्य. हाच हुर्राक पुन्हां आंबलेल्या रसांत मिसळून भाणांत चढविला, कीं दुसऱ्या उताऱ्यास फेणी निघते. मद्यार्क शेंकडा सुमारें ४२.

नांवांचा मोह मला आवरत नाहीं. अर्थशास्त्रांत द्राक्षांच्या मद्याचें ‘हारहूरक’ असें एक नांव आहे. हुर्राक ऐकतांच तें आठवलें आणि दोन्ही जुळवून द्यावीं असें वाटलें. पण तें खरें नव्हे. हुर्राकाचें मूळ अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भांड्याच्या अंगावर जमणारे थेंब पाहिले म्हणजे ती उपमा किती नेमकी आहे तें कळतें. फेणी मात्र आपल्या ‘फेन’ शब्दाची. उंचावरून पेल्यांत ओतली असतां वर फेंसाचे मणी धरतात. ते कसे व किती वेळ टिकतात यावरून जाणता माणूस तिचा जोर ओळखतो. माडाच्या ताडीला गोवेकर सूर म्हणतात, तींत तर सुरा जशीच्या तशी बसलेली आहे.

चवीचा भाग जांवईबापूंकडे होता. हुर्राकांत त्यांनीं लिंबू, मीठ आणि एक चिरलेली मिरची घातली, दोन घोंट घेतले आणि फळाची आठवण अजून शिल्लक आहे, असा अभिप्राय दिला. फेणीचा त्यांनीं एकच घोंट घेतला आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मीं तिचे दोन थेंब तळहातावर चोळून वास घेतला. सावंतवाडीच्या बागेंतील तोच वास, पण कुजकेपणा सर्व निघून गेलेला. जसा कांहीं कोणी तो गाळून, निवडून ठेवला होता. ही कारागिरी आहे, यांत मला शंका उरली नाहीं. या कारागिरीला मान मिळण्यास मात्र फार उशीर झाला. २००९ सालीं काजूच्या फेणीस भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला राज्याचें वारसापेय ठरविलें. तोंवर ती कायद्याच्या दृष्टीनें केवळ देशी दारू होती. आमच्या बाजूस २०२२ सालीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें काजूबोंड, मोहफूल इत्यादींपासून होणाऱ्या मद्यास ‘विदेशी मद्य’ हा दर्जा देण्याचा निर्णय केला. कोंकणच्या मातींत पडलेल्या बोंडाला विदेशी म्हणावयाचें, हें व्याकरणाच्या मास्तराला जड जातें. पण झाडाचा इतिहास पाहतां सरकार अगदींच चुकलें असें म्हणवत नाहीं!

मालकांनीं उत्साहानें सर्व सांगितलें. थोरला मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यांत नोकरीस आहे, धाकटा हंगामापुरता भट्टीवर येतो. हंगामापूर्वीं अबकारी खात्याच्या लिलावांत विभाग घ्यावा लागतो, पाऊस लवकर आला तर सगळें गणित कोसळतें, लांकूड महागलें आहे. मीं विचारलें, तुम्ही स्वतः किती घेतां? ते आईकडे पाहून गप्प राहिले. उत्तर त्यांनीं दिलें नाहीं, मातोश्रींनीं दिलें. या घरांत कोणी घेत नाहीं. त्यांचे सासरे घेत असत. ओहोळापलीकडची काजूची बाग पूर्वीं यांचीच होती. आतां ती दुसऱ्याची आहे, आणि तिचीं बोंडें हे विकत आणतात. हें सांगतांना त्यांच्या आवाजांत राग नव्हता. विवाह होऊन आल्या तेव्हां चौदा वर्षांच्या होत्या, एवढें त्यांनीं पुढें जोडलें. हुर्राक भरण्याचें माप आणि पैशांची पेटी आजहि त्यांच्याच हातीं असते. कोणाला दुसरा पेला द्यावयाचा नाहीं, तें त्या ठरवितात आणि गिऱ्हाईक मुकाट्यानें ऐकतें, असें जांवईबापू परततांना म्हणाले.

शाळेंत असतांना, बापाच्या पायीं परीक्षेची फी न भरूं शकलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यामुळें फेणीचा गौरव करणारे लेख वाचतांना माझें मन नेहमींच आडमुठेपणा करीत आलें, आणि यापुढेंहि करील. परंतु त्या खोपींत बसून मला वाटलें, कीं त्या वस्तूचा गुण आणि तिची किंमत या दोहोंचा हिशेब त्या माउलीइतका चोख कोणाच्या वहींत नसेल.

निघतांना मीं एक बाटली निरो घरीं नेण्यासाठीं मागितला; सौभाग्यवतीनें एकदां चव घ्यावी, अशी इच्छा होती. म्हातारीनें मान हालविली. झांकण घट्ट लावाल तर वाटेंत बाटली फुटेल, आणि सैल ठेवाल तर वाडीस पोचेपर्यंत तो निरो राहणार नाहीं, असें म्हणून तिनें मला दहा-बारा ताजीं बोंडें पानांत बांधून दिलीं.