तीस सेकंदांची मुदत

पतसंस्थेच्या शाखेतला संगणक आणि मुख्य कार्यालयातला सर्व्हर, दोघांकडेही त्याच खात्यांच्या नोंदी असतात. दिवसभरात एकीकडे झालेले व्यवहार दुसरीकडे पोचवून दोन्ही डेटाबेस जुळते ठेवणे, हे सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. रायगडच्या किनाऱ्यावर रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्या लहान शाखा अजून आपला डेटाबेस आपल्याच संगणकात ठेवतात, तिथे हे काम दिवसाअखेरी होते. पिग्मी एजंट मासळी बाजारात आणि दुकानांतून फिरून रक्कम गोळा करतो, त्याच्या हातातले मशीन शाखेच्या संगणकाला जोडले जाते आणि पावत्या उतरवून घेतल्या जातात. तिथवर सगळे खोलीतल्या खोलीत असते, त्यामुळे सहसा काही अडत नाही. पुढे त्या पावत्या मुख्य कार्यालयाकडे निघाल्या की सॉफ्टवेअर अडकते, कधी बंद पडते आणि ‘डे एंड’, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणे, होत नाही.

पिग्मी ठेव म्हणजे दारात येऊन गोळा केलेली छोटी बचत. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने ती दिवसाला २ आण्यांपासून सुरू केली. आजही ती भरणारी माणसे बहुतेक रोजच्या कमाईवर जगणारी असतात. कोळीवाड्यातल्या विक्रेतीने टोपली रिकामी झाल्यावर दिलेल्या नोटांना मासळीचा वास असतो आणि मशीनच्या बटणांवर ओल्या बोटांचे डाग. सिंक अडकले तर तिच्या पासबुकात आजची रक्कम दिसत नाही. उद्या तिला पैसे काढायचे असतील, तर काउंटरवर तिला ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच ऐकायला मिळते. बहुतेक वेळा सर्व्हर चालू असतो. त्याच्यापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ वाढलेला असतो आणि सॉफ्टवेअरला तो वेळ सोसत नाही.

या वेळेला लेटन्सी म्हणतात. निरोप जाऊन उत्तर परत येईपर्यंत गेलेला हा काळ मिलिसेकंदांत मोजतात. अंतर हे त्याचे कारण क्वचितच असते. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. २०० किलोमीटरच्या फायबरवरून जाऊन-येऊन फक्त २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मुरूड मुंबईपासून लांब आहे, हा खुलासा पुरेसा नाही.

खरी कारणे वाटेत असतात. सह्याद्रीचे फाटे इथे थेट समुद्रापर्यंत उतरतात, गावे खाड्यांच्या बगलेत आहेत आणि टॉवरचा सिग्नल डोंगराआड कमजोर होतो. कमजोर सिग्नलवर तेच पॅकेट, म्हणजे निरोपाचा तोच तुकडा, पुनःपुन्हा पाठवावे लागते. संध्याकाळी सगळे गाव मोबाइलवर असते, तेव्हा पॅकेट रांगेत थांबतात. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की वाहतूक लांबच्या वाटेने वळते. टॉवरांमधला दुवा मायक्रोवेव्हचा असेल, तर साधारण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना मुसळधार पाऊस शोषून घेतो. जिथे केबलही नाही आणि सिग्नलही नाही, तिथे व्हीसॅटची छत्री लावतात. तिचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही वर जाऊन खाली येणार, म्हणजे हे अंतर चार वेळा. यात प्रकाशाच्या वेगानेसुद्धा ४७७ मिलिसेकंद जातात आणि यंत्रांचा वेळ धरून आकडा ६०० च्या आसपास पोचतो. हा वेळ कोणताही तंत्रज्ञ कमी करू शकत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात विजेचे खांब आणि मोबाइल टॉवर कोसळले. वादळात जोडणी पूर्ण तुटते आणि पूर्ण तुटलेली जोडणी सॉफ्टवेअरला ओळखता येते. अवघड असते ती अर्धवट जोडणी, जी आहे पण उत्तर केव्हा देईल याचा भरवसा नाही. वादळ वर्षांतून एखादे येते, ही अर्धवट स्थिती पावसाळ्यातली रोजची.

आता ३० सेकंदांचा हिशेब. मायक्रोसॉफ्टच्या डॉट-नेट चौकटीत लिहिलेल्या प्रोग्रॅमने डेटाबेसला हुकूम दिला की तो उत्तरासाठी ३० सेकंद थांबतो. प्रोग्रॅमरने मुद्दाम बदलली नाही, तर हीच मुदत राहते. दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ सर्वांत आधी याच ३० सेकंदांबद्दल विचारतो आणि ही मुदत कुणी ठरवली याचे उत्तर शाखेत कुणाकडेच नसते. ऐकायला ३० सेकंद भरपूर वाटतात. पण पॅकेट पोचवण्याची जबाबदारी घेणारी टीसीपी ही नेटवर्कची पद्धत हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवताना दर वेळी दुप्पट थांबते. सुरुवात १ सेकंदाने झाली, तर पुढची थांबणी २, ४, ८ आणि १६ सेकंदांची. म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतरचे प्रयत्न १, ३, ७, १५ आणि ३१ व्या सेकंदाला होतात. सिग्नल १६ सेकंद गेला आणि १७ व्या सेकंदाला परत आला, तरी पुढचे पॅकेट निघणार ३१ व्या सेकंदाला. प्रोग्रॅमने ३० व्याच सेकंदाला हात वर केलेले असतात. सोळा सेकंदांच्या खंडाने संध्याकाळचे काम मोडते ते असे.

दुसरा हिशेब फेऱ्यांचा. शाखेत ४०० पावत्या आहेत आणि प्रत्येक पावतीसाठी सॉफ्टवेअर तीन फेऱ्या मारते: खाते शोधणे, शिल्लक तपासणे, नोंद करणे. एकूण १,२०० फेऱ्या. सर्व्हर शेजारच्या खोलीत असेल आणि फेरीला १ मिलिसेकंद लागत असेल, तर सगळे काम सव्वा सेकंदात संपते. तेच काम ६०० मिलिसेकंदांच्या जोडणीवर ७२० सेकंद, म्हणजे १२ मिनिटे घेते. या १,२०० फेऱ्या एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये बांधलेल्या असतील, तर ती १२ मिनिटे मुख्य कार्यालयातल्या त्या नोंदींना कुलूप लागलेले राहते. मग दुसऱ्या शाखेचे सिंक त्या कुलपापाशी थांबते, तिचे ३० सेकंद संपतात आणि जिथे नेटवर्क उत्तम आहे ती शाखासुद्धा पडते. तक्रार तिकडून येते, आजार इकडचा असतो.

पुढे प्रोग्रॅम कसा कोसळेल, हे तो कसा लिहिला आहे त्यावर अवलंबून. मुदत संपल्याची सूचना कुणी हाताळलीच नसेल, तर खिडकी तिथेच बंद होते. काही सॉफ्टवेअर लगेच पुन्हा प्रयत्न करतात, पण जुनी जोडणी सोडत नाहीत. डॉट-नेटमध्ये अशा जोडण्यांचा साठा १०० पर्यंत असतो. तो संपला की नवीन मागणीलाही नकार मिळतो. काही ठिकाणी न गेलेल्या पावत्या मेमरीत साचत जातात आणि इन्व्हर्टर बसला की त्या सगळ्या जातात. हा प्रकार अक्षम्य आहे, कारण त्या पावत्यांमागे लोकांनी मोजून दिलेले पैसे असतात.

याहूनही वाईट म्हणजे दुबार नोंद. पावत्या पोचल्या, सर्व्हरने त्या नोंदवल्या, पण ‘मिळाले’ हा निरोप परत येताना हरवला. शाखेला वाटते काम झाले नाही, ती पुन्हा पाठवते. भरवसा नसलेल्या वाटेवर दोन टोकांना एकमेकांचे कळले आहे याची पूर्ण खात्री कितीही निरोपांनी होऊ शकत नाही. संगणकशास्त्रात हे १९७५ मध्येच मांडले गेले असून पुढे त्याला दोन सेनापतींचा प्रश्न असे नाव पडले. तो सुटत नाही, त्याला वळसा घालावा लागतो.

दुरुस्तीची सुरुवात वेळ लिहिण्यापासून होते: किती वाजता पडले, कितव्या पावतीवर, पाऊस होता का. मग पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारा छोटा निरोप, आधी शाखेतल्या राउटरपर्यंत, मग सेवा पुरवठादारापर्यंत, मग सर्व्हरपर्यंत. सरासरीपेक्षा सर्वांत मोठा आकडा आणि हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण पाहायचे असते, कारण सरासरी ८० आणि मधूनच ४,००० अशी जोडणी कागदावर चांगली दिसते. त्यानंतर सर्व्हरवर कोणते कुलूप कोण धरून बसले आहे ते पाहतात. दोन्हीकडची घड्याळे जुळतात का हेही पाहतात, कारण ‘नंतरची नोंद खरी’ या नियमावर चालणारे सिंक चुकीच्या घड्याळाने चुकीची शिल्लक लिहिते.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी ठरते ती लेखनिकाच्या टेबलावरची कच्ची वही. तीत एजंटागणिक पावत्यांची संख्या, पहिला आणि शेवटचा पावती क्रमांक, एकूण रक्कम आणि शेजारी एजंटाची सही असते. संगणक आल्यावर ती बंद करायला सांगितलेली असते, पण जिथे लेखनिक जुन्या वळणाचा आहे तिथे ती चालू असते. लॉग फाइल सांगते की प्रयत्न किती झाले; वही सांगते की पैसे किती आले. दुबार नोंदी शोधताना तंत्रज्ञाला वहीचीच गरज असते. रोजकीर्द जुळेपर्यंत रात्री आठ-साडेआठला तो लेखनिक एकेक क्रमांक मोठ्याने वाचतो आणि तंत्रज्ञ पडद्यावर टिकमार्क करतो. त्या कामाचे श्रेय कोणत्याच अहवालात येत नाही.

उपायांत सर्वांत सोपा आणि सर्वांत अपुरा म्हणजे ३० चे ३०० करणे. प्रोग्रॅम पडायचा थांबतो, पण कुलपे तितका जास्त वेळ लागून राहतात. योग्य दुरुस्ती रचनेत असते. पावत्या आधी शाखेच्या डिस्कवर रांगेत लिहायच्या. ५०-५० च्या गठ्ठ्याने एका फेरीत पाठवायच्या; मग ४०० पावत्यांना ८ फेऱ्या, म्हणजे ६०० मिलिसेकंदांवरही ५ सेकंदांच्या आत. प्रत्येक पावतीला मशीनमध्येच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नोंद न करता फक्त ‘आधीच मिळाले’ म्हणायचे. कुठपर्यंत पोचलो त्याची खूण ठेवायची, म्हणजे तुटल्यावर पहिल्यापासून सुरुवात नको. पुढचा प्रयत्न दर वेळी थोडा जास्त थांबून आणि थोड्या अनियमित अंतराने करायचा, नाहीतर वीज आल्यावर सगळ्या शाखा एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात.

आणि चाचणी. लिनक्समध्ये नेटेम नावाची सोय आहे. तिने चांगल्या नेटवर्कवर मुद्दाम ६०० मिलिसेकंदांचा उशीर आणि पॅकेटांची गळती आणता येते. पीटर डॉइच यांनी १९९४ मध्ये नेटवर्कवर काम करणाऱ्यांच्या चुकीच्या गृहीतकांची यादी केली, तीत लेटन्सी शून्य असते हे दुसरे गृहीतक आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून लिहिलेले सॉफ्टवेअर अजून तेच धरून चालते आणि दोष मात्र किनाऱ्यावरच्या नेटवर्कला दिला जातो. नेटेम लावून, सोळा सेकंदांचा खंड मध्येच घालून, वीज तोडून सिंक पूर्ण होते का आणि पावत्यांची संख्या व रक्कम वहीशी जुळते का, एवढी तपासणी शाखेत बसवण्याआधी व्हायला हवी. ती झालेली नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसात ती शाखेच्या काउंटरवर होते.