यंत्राने वाचावयाची पुस्तिका

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास फायलींतील शब्द शोधणारे ‘ग्रेप’ हे साधन सिद्ध केले, तेव्हा त्याची पुस्तिका वाचणारा मनुष्यच असणार, हे गृहीतच होते. त्याच परंपरेतील, अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘रिपग्रेप’ हे साधन आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट, म्हणजे सोपविलेले काम पायरीपायरीने स्वतःच तडीस नेणारे प्रोग्रॅम, सर्रास वापरू लागले असल्यामुळे पुस्तिका कोणासाठी व कशी लिहावी, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला आहे.

अनुभवी मनुष्य पुस्तिकेतील न्यून स्वतःच्या तारतम्याने भरून काढतो. एजंटाची मदार मात्र बहुतांशी लिखित मजकुरावर. लपविलेल्या आणि ‘गिटइग्नोर’ या, दुर्लक्षायच्या फायलींच्या यादीने वगळलेल्या फायली रिपग्रेप स्पष्ट हुकमावाचून तपासतच नाही. हे ठाऊक नसलेला एजंट ‘हा शब्द कोठेही नाही’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो, आणि पुढचे सारे काम चुकीच्या पायावर उभे राहते. शोध संपताच साधन एक अंक परत करते: शब्द सापडल्यास ०, न सापडल्यास १, शोधात बिघाड झाल्यास २. यांपैकी १ आणि २ यांतील भेद म्हणजे ‘दप्तरात कागद नाही’ आणि ‘दप्तर उघडलेच नाही’ यांतील भेद होय.

म्हणून साधन केव्हा वापरावे, ते काय वगळते आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ काय, याचा तपशील पुस्तिकेत नमुन्यासह, परंतु थोडक्यात द्यावा. कारण एजंटाच्या एका वेळच्या वाचनालाही मर्यादा असते. असे निःसंदिग्ध लेखन हे दुय्यम कारकुनी काम नव्हे. साधनाच्या विश्वासार्हतेचे ते अविभाज्य अंग आहे.